वॉर्डात वाचलेली रहस्यकथा

रहस्यकथा वाचाव्यात, पण शक्यतो रात्री वाचू नयेत. रात्री वाचल्याच तर एकट्याने वाचू नयेत. आणि एकट्याने वाचल्याच, तर निदान दवाखान्यात बसून वाचू नयेत. हे शहाणपण मला गेल्या दिवाळीच्या सुटीत एका रात्रीत आले. ते कसे आले ते सांगतो. त्यात एक कबुलीही आहे. ती मी आजवर घरी कोणालाच दिलेली नाही.

आमचे अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. एकतीस वर्षे त्यांनी गर्दीतून वाट काढत तिकिटे फाडली. निवृत्त झाले आणि वर्षभरात हर्नियाने डोके वर काढले. दोन वर्षे त्यांनी पट्टा बांधून काढली. 'पट्टा बांधला की गाडी चालते,' हे त्यांचे म्हणणे. शेवटी आईने जेवण सोडण्याची धमकी दिली आणि अण्णा जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. 'रुग्णाजवळ एकच नातेवाईक थांबेल' अशी पाटी असल्याने तो एक नातेवाईक म्हणून माझी नेमणूक झाली.

रात्र काढायला मी सोबत एक पुस्तक नेले होते. रद्दीच्या दुकानात वीस रुपयांना मिळालेले, मुखपृष्ठ निम्मे फाटलेले. रॉबिन कुक यांची 'कोमा' ही इंग्रजी कादंबरी. इंग्रजी सुधारेल हा उदात्त हेतू होता. शिवाय नावावरून वैद्यकीय काहीतरी असावे, प्रसंगाला साजेसे होईल, असेही वाटले. ते फारच साजेसे निघाले.

लहानपणी मामाच्या माळ्यावर सापडलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांवर मी वाढलो. त्या जगात धोका ओळखीचा असे. अंधारी गल्ली, काळा कोट, हातात पिस्तूल. 'कोमा'त यातले काहीच नाही. तिथे लख्ख दिवे आहेत, पांढरे कोट आहेत, आणि धोका आहे तो नेमका त्या पांढऱ्या कोटांत. १९७७ साली ही कादंबरी आली. पुढच्याच वर्षी मायकेल क्रायटन यांनी तिच्यावर चित्रपट काढला. गंमत अशी की कादंबरी लिहिणारे कुक हे नेत्रतज्ज्ञ, आणि चित्रपट काढणारे क्रायटन यांनीही हार्वर्डमधून वैद्यकीची पदवी घेतलेली. म्हणजे घरचेच लोक घरातली भीती सांगत होते.

कथा बोस्टनच्या एका मोठ्या, काल्पनिक रुग्णालयात घडते. सुझन व्हीलर ही वैद्यकीय विद्यार्थिनी शस्त्रक्रिया विभागात नव्याने दाखल होते. तिच्या पाहण्यात येते की अगदी साध्या ऑपरेशनसाठी आलेली धडधाकट तरुण माणसे भुलीतून जागीच होत नाहीत. मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि ती कायमची बेशुद्ध राहतात. वरिष्ठ म्हणतात, 'होते असे कधीतरी.' सुझन मात्र कागद मागू लागते. किती रुग्ण, कोणत्या तारखा, कोणते थिएटर? तिला दटावले जाते, तिचे शिक्षण थांबण्याची वेळ येते, पुढे जिवावरही बेतते. रहस्य फोडल्याबद्दल क्षमा असावी. पण पन्नाशीकडे झुकलेल्या कादंबरीचे रहस्य ते किती जपायचे? आठ नंबरच्या थिएटरात प्राणवायूच्या नळीत गुपचूप कार्बन मोनॉक्साइड मिसळला जात असतो. बेशुद्ध झालेली शरीरे जेफरसन इन्स्टिट्यूट नावाच्या एका संस्थेत ठेवली जातात आणि मागणी येईल तसे त्यांचे अवयव विकले जातात.

वाचकहो, हे सारे मी कुठे वाचत होतो? पुरुष शस्त्रक्रिया वॉर्डात, अण्णांच्या खाटेशेजारी, चटईवर बसून. वर अर्धवट लुकलुकणारी ट्यूब, कोपऱ्यात प्राणवायूची काळी नळकांडी, पलीकडच्या खाटेवर कोणाचे तरी कण्हणे. मावशी फिनेलचे पोतेरे फिरवून गेल्या. अण्णा मात्र एस.टी.च्या आवाजात घोरत होते. साडेअकराच्या सुमारास माझा धीर सुटला. मी हळूच उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो आणि थिएटरच्या दारावरचा नंबर पाहून आलो. 'शस्त्रक्रियागृह क्र. २.' हायसे वाटले. आता हसू येते, पण तेव्हा खरोखरच हायसे वाटले होते.

परत येऊन मी पुस्तकात डोके खुपसले. सुझन रात्री एकटी कुठेतरी शिरत होती आणि कोणीतरी तिच्या मागावर होते. एवढ्यात सिस्टर हातात कागद घेऊन आल्या. खाटेचा नंबर पाहिला, झोपलेल्या अण्णांकडे पाहिले आणि मला विचारले, "उद्याचे हर्नियाचे ना हे? डाव्या बाजूचं?"

मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "हो."

सिस्टरांनी खूण केली आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी पान उलटले.

रात्री दोनच्या सुमारास एक तरुण डॉक्टरीणबाई शेजारच्या रुग्णाचा रक्तदाब पाहायला आल्या. इंटर्न असाव्यात. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या. केस कसेबसे बांधलेले, ॲप्रनच्या खिशाला शाईचा डाग. काम संपवून जाताना त्यांची नजर पुस्तकावर गेली.

"कोमा? आणि इथं बसून वाचतोयस? धन्य आहे तुझी!"

मी ओशाळून विचारले, "मॅडम, असं खरंच होऊ शकतं का हो?"

त्या स्टुलावर बसल्या. डॉक्टर वॉर्डात बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणाल्या, "वायूचं लिहिलंय ते शास्त्राला धरून आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. शिवाय रक्त लालभडक दिसतं, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. बाकीची मात्र गोष्ट. आणि तू काकांची काळजी करू नकोस. त्यांना पूर्ण भूल द्यायचीच नाहीय. कमरेत इंजेक्शन देतील. टेबलावर गप्पा मारतील ते."

माझी सगळी भीती अशी एका वाक्यात फुकट गेली. थोडा चिडूनच मी विचारले, "मग तुम्हांला इथं कशाचीच भीती वाटत नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "वाटते की. झोपेची." मग हसल्या. "परवा सकाळी नऊला आलेय मी. मधे तीनेक तास डोळा लागला असेल. औषधाचा आकडा लिहिताना तोच आकडा दोनदा वाचावा लागतो, तरी खात्री वाटत नाही. दुसरी भीती नातेवाइकांची. गेल्या महिन्यात आमच्या एकाची कॉलर धरली होती. आणि तिसरी..." त्या थांबल्या. "रात्री रक्ताची पिशवी आणायला ब्लड बँकेकडे जावं लागतं. मधल्या बोळात दिवा नाही. मी मोबाइलचा दिवा लावून पळत जाते. कोलकात्याचं वाचलं असशीलच."

वाचले होते. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एक ३१ वर्षांची निवासी डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये मृतावस्थेत सापडली. लांबलचक ड्यूटीत जरा पाठ टेकावी म्हणून ती तिथे गेली होती. तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला होता. देशभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये एका आरोपीला जन्मठेप झाली. तेव्हा मी ही बातमी इतर बातम्यांसारखीच वाचली होती. त्या रात्री, समोर पेंगुळलेल्या डोळ्यांची एक डॉक्टर बसलेली असताना, ती निराळी वाटली. डॉक्टरला पाठ टेकायला दार लागणारी खोली नसावी, हे कुठल्याही काल्पनिक नळीपेक्षा भयंकर होते.

त्या उठून गेल्या. मी पुस्तक मिटले. पण झोप येईना. आणि मग मला आपल्या मुंबईतली एक गोष्ट आठवली. 'कोमा' प्रसिद्ध होण्याच्या चार वर्षे आधीची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. कादंबरीतल्या रुग्णांचे जे झाले, नेमके तेच. त्या पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या.

इथे माझ्या डोक्यात दोन चित्रे शेजारी शेजारी उभी राहिली. एक त्या काल्पनिक जेफरसन इन्स्टिट्यूटचे. तिथे बेशुद्ध शरीरे तारांना टांगलेली आहेत. यंत्रे त्यांना जगवतात, कोणी त्यांना नावाने हाक मारत नाही, कारण तो गोदामातला माल आहे. दुसरे परळच्या त्या वॉर्डाचे. तिथे परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. अरुणाताईंवर हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली नोकरीला लागल्या आणि त्यांनीही त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. लेखिका पिंकी विराणी यांनी दयामरणासाठी याचिका केली. तिच्यावर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. याचिका फेटाळली, मात्र काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असे तत्त्व त्याच निकालात मान्य झाले. परिचारिकांचा याचिकेला विरोध होता. त्यांची सेवा न्यायाधीशांनी गौरवली. त्यांचे बरोबर की विराणींचे, हा वाद मोठा आहे आणि तो मिटवायला माझे वय पुरे नाही. पण एक गोष्ट मला त्या रात्री कळली. दोन्हीकडे शरीराची अवस्था तीच आहे. फरक एवढाच, की एकीकडे त्या शरीराला नाव उरले आहे आणि दुसरीकडे नुसता नंबर.

विचार करता करता केव्हातरी डोळा लागला.

सकाळी सात वाजता त्याच डॉक्टरीणबाई याद्या घेऊन आल्या. चेहरा धुतलेला, डोळे लाल. अण्णांना थिएटरचा हिरवा गाऊन चढवला होता आणि ते त्या वेषात फार अवघडून बसले होते.

"काका, नाव सांगा तुमचं."

अण्णांनी सांगितले.

"कशाचं ऑपरेशन आहे?"

"हर्नियाचं. अहो बाई, कालपासून चार जणांनी विचारलं."

"पाचव्यांदा मला सांगा. कुठली बाजू?"

"उजवी."

त्यांनी हातातल्या यादीकडे पाहिले. मग केसपेपर उघडला. मग पुन्हा यादीकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. मी उठून उभा राहिलो. यादीवर अण्णांच्या नावापुढे 'डावी' लिहिले होते. केसपेपरवर स्पष्ट 'उजवी' होते. आणि यादीवरची शाई, मला दिसले, त्यांच्या खिशावरच्या डागाच्याच रंगाची होती.

"मीच लिहिलीय ही," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

माझ्या कानात रात्रीचा 'हो' वाजला. सिस्टरांनी विचारले होते. त्या विचारण्याचा अर्थच तो होता, की कागद चुकला असेल तर माणूस सांगेल. आणि मी, अण्णांचा सख्खा मुलगा, एका काल्पनिक मुलीच्या मागे लागलेला मारेकरी पाहण्यात इतका गुंग होतो, की माझ्या पुढ्यातून खरा धोका पायांचा आवाज करत चालत गेला तरी मी मान वर केली नाही.

व्हरांड्याच्या टोकाला मोठे सर चहा घेत उभे होते. सर रागीट असल्याचे वॉर्डातल्या मामांनी आदल्या दिवशीच बजावले होते. डॉक्टरीणबाई निम्म्या वाटेवर थांबल्या. यादी गुपचूप दुरुस्त करता आली असती. एक अक्षर खोडून दुसरे लिहायचे, एवढेच. पण तशाच यादीची प्रत थिएटरात आधीच गेली होती. त्या पुढे गेल्या. आवाज कापत होता, तरी मला ऐकू आला.

"सर, तीन नंबरच्या पेशंटची बाजू मी यादीत चुकीची लिहिलीय. उजवी आहे. माझी चूक आहे."

सरांनी कप खाली ठेवला. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पाच मिनिटे सगळा वॉर्ड ऐकत होता. बाई मान खाली घालून उभ्या होत्या. मग सर स्वतः अण्णांच्या खाटेपाशी आले, अण्णांना तपासले, खिशातून जाड पेन काढून उजव्या जांघेवर बाणाची खूण केली. परत वळताना त्या डॉक्टरीणबाईंना हलकेच म्हणाले, "केस संपली की घरी जा. झोप."

कदाचित टेबलावर सरांच्या लक्षात आलेच असते. बहुधा आलेच असते. पण 'बहुधा' हा शब्द आपल्या वडिलांच्या बाबतीत किती तोकडा असतो, ते मला तेव्हा कळले.

ऑपरेशन व्यवस्थित झाले. अण्णा खरेच टेबलावर गप्पा मारत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी घाटातल्या एका ब्रेक फेल झालेल्या गाडीची हकीगत सांगितली. दुपारी मी म्हणालो, "पाच-पाच वेळा तेच विचारतात, वैताग आला असेल ना?"

अण्णा म्हणाले, "वैताग कसला? मी एकतीस वर्षं काय केलं? 'तिकीट झालं का? तिकीट झालं का?' ज्यानं काढलंय तो चिडतोच. पण विचारणं थांबवलं की गाडीचा हिशेब चुकलाच समज."

नंतर आमच्या ग्रंथालयात बसून मी या विषयावर थोडे वाचन केले, तेव्हा कळले की अण्णांचा हा कंडक्टरी सिद्धांत जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य आहे. २००८ साली तिने ऑपरेशनच्या आधी, मधे आणि शेवटी विचारायच्या १९ बाबींची एक यादी काढली. रुग्णाचे नाव, कोणते ऑपरेशन, कुठली बाजू असले अगदी साधे प्रश्न. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली होती आणि मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. यात नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ न कंटाळता विचारणे.

झोपेचेही तसेच. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १८ वर्षांची एक महाविद्यालयीन मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिला पाहणारे तरुण डॉक्टर कित्येक तास सलग कामावर होते. तिच्या वडिलांनी प्रश्न धसास लावला आणि १९८९ पासून त्या राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. ८० तासांची मर्यादा, आणि तीही सुधारणा म्हणून! आपण कला शाखेचे विद्यार्थी सलग चार तास झाले की उपाहारगृहाची वाट धरतो.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मला सगळ्यांत बोलकी वाटली. 'कोमा' ही रॉबिन कुक यांची पहिली कादंबरी नव्हे. त्यांचे पहिले पुस्तक १९७२ साली आले. विषय होता एका इंटर्नचे वर्ष. त्याची थकावट, त्याची भीती, त्याचे हळूहळू कोरडे होत जाणे. ते फारसे चालले नाही. मग त्यांनी खलनायक आणला, विषारी वायू आणला, पाठलाग आणला, आणि जगाने पुस्तक डोक्यावर घेतले. म्हणजे रात्री दोन वाजता स्टुलावर बसून त्या डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितले, ते कुक यांनी आधीच सांगून पाहिले होते. ऐकायला कोणी नव्हते. मीही त्यातलाच. मी दुसरेच पुस्तक वीस रुपयांना घेतले.

यात मी रहस्यकथेला दोष देत नाही. सुझन व्हीलर मला अजून आवडते. पण तिचे खरे शौर्य पाठलागात नाही, हे मला आता कळते. 'होते असे कधीतरी' असे मोठे लोक म्हणत असताना ती कागद मागत राहिली, हे तिचे शौर्य. आमच्या डॉक्टरीणबाईंचे शौर्य त्याहून अवघड होते. सुझनने दुसऱ्यांचा गुन्हा उघड केला. यांनी स्वतःची चूक, सगळ्या वॉर्डासमोर, पेंगुळलेल्या डोळ्यांनी.

राहिली माझी चूक. त्या सकाळी सिस्टरांनाही थोडे ऐकावे लागले. 'नातेवाइकाला विचारलं होतं,' असे त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी अण्णांची चप्पल शोधू लागलो. काही बोललो नाही. आभार मानायला म्हणून त्या डॉक्टरीणबाईंना शोधत गेलो तेव्हा त्या घरी गेल्या होत्या. पुस्तक मात्र मी वॉर्डातच विसरलो.

आमच्या घरी छापील कागद वाया जात नाही. हा अंक मी घरी नेला की अण्णा चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. तेव्हा हेही ते वाचतीलच. वाचून झाल्यावर काय विचारतील, ते मला ठाऊक आहे.

या वेळी मी मान वर करून उत्तर देणार आहे.